आधी मोजा, मग बदला

नजमा,

तू गेल्यावर गॅरेजचं शटर पहिल्यांदा वर केलं आणि पहिली गाडी आली ती त्या शाळेतल्या टीचरबाईंची. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला. बाई उतरल्या, मला सलाम केला आणि सरळ काचेच्या केबिनकडे वळल्या. केबिन रिकामी दिसली तशा परत आल्या.

"मॅडम नहीं आईं आज?"

"नहीं."

"कल आएँगी?"

साधा प्रश्न होता. मी नुसता बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो. शेवटी आपला बिजू पाना ठेवून, हात पुसत पुढे आला. इतकी वर्षं अजमानात काढली तरी त्याचं हिंदी अजून केरळातच आहे. "दीदी," तो म्हणाला, "मॅडम चला गया. अल्ला के पास."

बाई खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, दुसऱ्या गॅरेजवाल्यांना मी काही विचारलं की ते माझ्या नवऱ्याला फोन लावून उत्तर देतात; तुमच्या मिसेसनी मला चित्र काढून समजावलं होतं, कुठला सेन्सर कुठे असतो आणि तो काय काम करतो. मी मान हलवली. बाईंनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, माझा हात क्षणभर तसाच धरून ठेवला आणि टॅक्सी बघायला रस्त्यावर गेल्या.

त्या दिवशी मी ती गाडी उघडली नाही. तुझा मीटर हातात घेतला, परत ठेवला.

तू या गॅरेजात आलीस कशी, हे लोक मला अजून विचारतात. आपल्याकडच्या बायका दुबईला येतात, शारजाला येतात, घर बघतात, ऑफिसात काम करतात, शाळेत शिकवतात. पण अजमानच्या सनाइय्यात, त्या ग्रीस-ऑइलच्या गल्लीत, बायको काम करते म्हटल्यावर गावाकडून तुझ्या चाचांचा फोन आला होता. तू फोन घेतलास आणि म्हणालीस, "चाचा, रत्नागिरीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायला तुम्हीच फॉर्म भरला होतात ना? मग?" मी बाजूला उभा राहून हसू दाबत होतो.

तू यायचीस ती डबा घेऊन. आपली पोरगी अलीना शाळेत जायला लागली होती, घर रिकामं झालं होतं. डबा ठेवून लगेच जायचीस नाही, उभी राहून बघायचीस. तेव्हा आमची पद्धत अशी: दिवा लागला की स्कॅनर लावायचा, स्कॅनरने ज्या सेन्सरचं नाव घेतलं तो काढायचा, नवा बसवायचा, यल्ला, खलास. एक दिवस एका गाडीचा ऑक्सिजन सेन्सर आम्ही दुसऱ्यांदा बदलत होतो. दिवा परत आलेला. मी चिडलेलो. तू मागून विचारलंस, "बदलायच्या आधी मोजलं होतं का?"

"काय मोजायचंय? स्कॅनर सांगतोय ना, हा खराब आहे."

"खराब आहे असं सांगतोय, की आत हवा जास्त येतेय असं सांगतोय?"

मी स्क्रीन परत वाचला. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी, असंच लिहिलं होतं. तू ओढणी खोचलीस, वाकलीस आणि इंजिनाकडे हवा नेणाऱ्या रबरी पाइपावर बोटं फिरवत गेलीस. खालच्या बाजूला, जिथे डोळा पोचत नाही तिथे, पाइप चिरलेला होता. तिथून हवा आत ओढली जात होती.

"बिचारा खरं बोलत होता," तू म्हणालीस, "आणि तुम्ही त्यालाच काढून टाकलंत."

बिजू एवढा हसला की त्याच्या हातातला पाना खाली पडला. दुसऱ्या दिवशी तू डबा घेऊन आलीस ती मीटर घेऊनच. मग केबिनमध्ये तुझी खुर्ची आली, मग तो छोटा स्क्रीन आला, ज्यावर सेन्सरचा सिग्नल रेघेसारखा पळतो. आधी मोजा, मग बदला, हे तू इतक्या वेळा म्हणालीस की बिजू ते मराठीतच म्हणायला लागला. गिऱ्हाइकांसमोर तू मला "उस्ताद" म्हणायचीस. घरी "अहो". केबिनमधून "उस्ताद" अशी हाक आली की मला कळायचं, आता माझं काहीतरी चुकीचं निघणार आहे.

आपण भांडलो किती! मी कानाचा माणूस. इंजिन चालू झालं की मला त्याचा आवाज सांगतो काय बिनसलंय ते. तुझा आवाजावर विश्वास नव्हता. "कानाला सवय असते," तू म्हणायचीस, "जे आधी ऐकलंय तेच त्याला परत ऐकू येतं." मी म्हणायचो, तुझ्या रेघांना तरी काय कळतं? जेवताना भांडण, गाडीत भांडण, ईदच्या दिवशी शीरखुर्मा वाटीत घेता घेता भांडण. अलीना कानात इअरफोन घालायची. "यू गाइज आर सो वियर्ड," म्हणायची. तिला कधी कळलं नसेल की तिच्या अम्मी-अब्बांची मोहब्बत तीच होती. दुसरी काही आम्हाला येत नव्हती.

गुलखानची बस मला राहून राहून आठवते. गुलखान म्हणजे तो पेशावरचा ड्रायव्हर, दुबईतल्या सोनापूरच्या कॅम्पातल्या कामगारांना साइटवर ने-आण करणारा. भर उन्हाळ्यात त्याची बस हायवेवर चालता चालता बंद पडायची. आधी दिवा नाही, धक्का नाही, एकदम इंजिन गप्प. थोडा वेळ उभी राहिली की परत चालू. दोन गॅरेजनी पेट्रोलचा पंप बदलला, आणखी काय काय बदललं. आपल्याकडे आणली तेव्हाही ती व्यवस्थित चालत होती. मी सगळं तपासलं, आवाज ऐकला. गुलखान कोपऱ्यात उभा होता. म्हणाला, काल मधल्या लेनमध्ये बंद पडली, मागून ट्रेलर येत होता, आत सगळी माणसं झोपलेली. ट्रेलरवाल्याने कशी वळवली ते त्यालाच ठाऊक. मालक म्हणतो, तूच कामचुकार आहेस, गाडीला काही झालेलं नाही.

मी म्हणालो, "फॉल्ट दिसत नाही तर काय करणार? घेऊन जा, परत बंद पडली की फोन कर."

"गाडी द्यायची नाही," तू केबिनमधून बाहेर येऊन म्हणालीस.

"नजमा, माणूस रोजंदारीवर आहे—"

"परत बंद पडेल ती याच्या मागे ट्रेलर असताना पडेल. गाडी द्यायची नाही."

गिऱ्हाइकासमोर तू मला पहिल्यांदाच असं बोललीस. उस्तादबिस्ताद काही नाही. मला राग आला. तू मात्र माझ्याकडे बघितलंही नाहीस. बिजूला घरी पाठवलंस, तुझा केस वाळवायचा ड्रायर आणायला. मी म्हणालो, हीट गन आहे की आपल्याकडे. तू म्हणालीस, "तिने वायर वितळेल. मला फक्त दुपार करायचीय."

मला फक्त दुपार करायचीय! मग तू गाडीखाली शिरलीस. इंजिन चालू. खाली, जिथे इंजिनाचा मुख्य दांडा फिरतो, तिथे अंगठ्याएवढा सेन्सर असतो. दांडा फिरतोय एवढंच तो सांगतो, पण त्याने सांगितलं नाही तर इंजिन ठिणगी टाकत नाही. त्याच्यावर तू ड्रायरची गरम हवा धरलीस. स्क्रीनवरची रेघ मी बघत होतो. पळत होती, पळत होती. गुलखान तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. आणि एकाएकी रेघ सपाट झाली आणि इंजिन बंद.

"मेला!" गाडीखालून तू ओरडलीस. "उस्ताद, मेला! बघितलंत का? गरम झाला की मरतो!"

बाहेर आलीस तेव्हा गालावर काळा पट्टा, केसांत माती, आणि चेहरा असा की निकाहाच्या दिवशीही मी तसा बघितला नव्हता. गुलखान "बाजी, बाजी" एवढंच म्हणत होता, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. तो सेन्सर बदलला आणि बस पुढे कधी बंद पडली नाही. तेव्हापासून तो गावाहून आला की सुक्या जर्दाळूंची पिशवी घेऊन यायचा आणि माझ्याकडे न देता केबिनमध्ये नेऊन द्यायचा.

त्या दिवशी मला तुला काहीतरी सांगायचं होतं. राग केव्हाच गेला होता. गाडीत घरी येताना तू काच खाली करून, केस वाऱ्यावर सोडून बसली होतीस आणि मी म्हणणार होतो की नजमा, तुझ्याशी लग्न झालं ही माझ्यावर अल्लाची मोठी मेहरबानी आहे. पण आपल्यात असं बोलायची पद्धत नव्हती. मी विचारलं, "बिर्याणी घ्यायची का वाटेत?" तू म्हणालीस, "घ्या." एवढंच झालं.

मागचा उन्हाळा सरता सरता तुझं पोट दुखायला लागलं. आधी गॅस, मग ॲसिडिटी, मग पाठीत कळ. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होता, हैदराबादचा. स्वादुपिंडाचा कॅन्सर हे त्याने जरा थांबत थांबत सांगितलं. तू विचारलंस, "रक्तातल्या या आकड्याची नॉर्मल रेंज किती असते?" त्याने सांगितली. "आणि माझं?" त्याने स्क्रीन आपल्याकडे वळवला. तू पुढे झुकून बघितलंस, केबिनमध्ये बघायचीस अगदी तशीच, भुवया जवळ आणून. मी स्क्रीनकडे बघतच नव्हतो, तुझ्याकडे बघत होतो.

"डॉक्टर," तू हळू आवाजात म्हणालीस, "परत एकदा मोजाल?"

तो हो म्हणाला. त्या पोराने किती अदबीने हो म्हटलं! परत रक्त घेतलं, परत स्कॅन झाला. आकडे तेच आले. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर तू सीटबेल्ट लावलास आणि म्हणालीस, "दोनदा मोजलं. आता वाद नाही." मग माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस. मी गाडी सुरू केली नाही. मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होता, जागेसाठी. वाजवू दे म्हटलं.

अलीनाच्या परीक्षा चालू होत्या. संपेपर्यंत तिला सांगायचं नाही असं तू ठरवलंस, मी कबूल झालो. पण पोरगी आपलीच. एका सकाळी नाश्त्याला बसली आणि अंड्याकडे बघत म्हणाली, "मम्मा, आय नो. आय रेड द रिपोर्ट." तू पराठा लाटत होतीस. लाटणं थांबलं. "पेपर कसा गेला?" तू विचारलंस. "फाइन," ती म्हणाली. आणि मग उठून तुझ्या कमरेला मिठी मारून इतकी रडली, की लहानपणी पडल्यावरसुद्धा कधी तेवढी रडली नव्हती. तू पिठाचे हात वर धरून उभी होतीस, तिच्या केसांना पीठ लागू नये म्हणून.

मी म्हणत होतो मुंबईला जाऊ, मोठ्या डॉक्टरांना दाखवू, नाहीतर रत्नागिरीला तुझ्या अम्मींकडे राहू. तू म्हणालीस, "मला गॅरेजला न्या." औषधांनी केस गळाले तेव्हा तो ड्रायर तूच पिशवीत घालून आणलास आणि बिजूच्या हातात दिलास. "ठेव इथंच. आता याला इथंच काम." बिजू तो घेऊन मागच्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. तू शाल लपेटून केबिनमध्ये बसायचीस, गाड्या यायच्या, तू सांगायचीस, आम्ही करायचो. मग तेही जमेनासं झालं.

शेवटचं भांडण त्या निळ्या गाडीवरून. तू घरी, अंथरुणात. गाडी त्या इजिप्शियन म्हाताऱ्याची. दिवा लागलेला, इंजिन उचल खात नव्हतं, आणि स्कॅनर म्हणत होता की इंजिनाचे वरचे दांडे नि खालचा दांडा एका तालात नाहीत. सकाळी गार इंजिन चालू केलं की क्षणभर ते दांडे जोडणारी साखळी खडखडायची. मी ते ऐकलं आणि म्हणालो, टायमिंग चेन ढिली झालीय, इंजिन उघडावं लागणार. बिजूने रेघांच्या स्क्रीनचा फोटो तुला पाठवला.

तुझा फोन आला. आवाज खोल गेलेला, पण तोच होता.

"चेन नाही. वायर आहे."

"नजमा, मी ऐकलंय. चेन खडखडतेय."

"चेन असती तर रेघ पूर्ण दिसली असती, फक्त बाजूला सरकलेली. इथे मधूनच तुटतेय. सेन्सरची वायर कुठेतरी तुटतेय. इंजिन उघडू नका उगाच."

"आणि वायर चांगली निघाली तर?"

"तर तुमचा कान मोठा. मान्य करीन. पण आधी..." आणि तुला खोकला आला. अलीनाने फोन घेतला आणि म्हणाली, "अब्बा, शी नीड्स टु रेस्ट."

संध्याकाळी घरी आलो तर तू झोपलेली. त्यानंतर तू गाडीबद्दल काही बोलली नाहीस. शेवटच्या दिवसांत तू पाणी मागायचीस, माझा हात शोधायचीस, अलीनाला जवळ बसवायचीस. आणि गुरुवारी, दुपार कलताना, असरच्या अजानच्या आधी, तू गेलीस. अलीना उशाशी होती. मी कलमा म्हणत होतो आणि तुझे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मग माझेच हलत राहिले.

जनाज्याला सनाइय्या लोटली होती. गुलखान आला, खांदा दिला, आणि नंतर एका झाडाखाली एकटा बसून राहिला. संध्याकाळी रत्नागिरीहून अम्मींचा व्हिडिओ कॉल आला. रडणं सगळं झालेलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाबा, तिथली माती कशी आहे?"

"वाळू आहे, अम्मी."

"मऊ आहे ना?"

"हो," मी म्हणालो. "मऊ आहे."

निळी गाडी तशीच कोपऱ्यात उभी होती. म्हाताऱ्याने सांगून ठेवलं होतं, घाई नाही, अल्ला यरहम्हा, अल्लाची तिच्यावर कृपा असो, तुमचं दुःख मोठं आहे. टीचरबाईंची गाडी करून दिली, आणखी एक-दोन केल्या, पण निळीकडे माझी पावलं वळत नव्हती. काल वळली. बिजूला म्हणालो, स्क्रीन आण. आधी मोजू.

मी सेन्सरच्या तारेला लावायच्या स्क्रीनच्या क्लिपा हातात घेतल्या आणि बघितलं, एका क्लिपेचा दात वाकलेला होता. बिजूला दाखवली. त्याने फोटो काढला तेव्हा तीच लावली होती. ती तारेला धड पकडत नव्हती, म्हणूनच फोटोत रेघ तुटलेली. मी दुसरी लावली, गाडी चालू केली. रेघ पूर्ण आली. कुठे तुटली नाही. फक्त बाजूला सरकलेली, तू म्हणाली होतीस तशी. वायर टोकापासून टोकापर्यंत मोजली. चांगली होती. मग इंजिन उघडलं आणि चेन बोटाने उचलली, तर ती दोऱ्यासारखी वर आली.

बिजू माझ्याकडे बघत होता. "उस्ताद जीत गया," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

इतक्या वर्षांत तू मला कधीच असं सरळसरळ जिंकू दिलं नव्हतंस. मला वाटायचं, असं कधी झालं तर महिनाभर तुला चिडवीन, जेवताना, गाडीत, अलीनासमोर. मी हात न धुताच केबिनमध्ये जाऊन बसलो. माझ्या खुर्चीत, तुझ्या समोर. खूप रडलो नजमा. बिजूने बाहेरून दार ओढून घेतलं.

आता लिहितोय ते एवढ्यासाठीच, की हा हिशेब तुझ्या नावावर चुकीचा राहू नये. तू चुकली नव्हतीस. वाकडी क्लिप तुला पहिल्याच नजरेत दिसली असती. तू फक्त तिथे नव्हतीस.